सात तारांचा खुर्दा

माणसाला कसले तरी वेड असावे, म्हणजे घरच्यांना बोलायला एक हक्काचा विषय मिळतो. माझ्या वेडाने ती कामगिरी आमच्या लंडनच्या घरात वीस वर्षे चोख बजावली आहे. मी प्राचीन ग्रीक नाणी जमवतो. एवढे ऐकले की पाहुण्यांच्या डोळ्यांपुढे मखमली पेटी आणि लखलखते सोने उभे राहते. माझी नाणी ब्राँझची, झिजलेली, काळपट हिरवी. म्हणजे दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या बाजारातला खुर्दा. त्यातही ज्याच्यावर एखादे वाद्य असेल तेवढाच मी घेतो. रोजच्या व्यवहारासाठी ही नाणी भरपूर पाडली जात, म्हणून आजही ती दुकानदाराच्या कोपऱ्यातल्या तबकात पडलेली असतात. एखादे घ्यायला हॉटेलातल्या दोघांच्या जेवणापेक्षा फारसे जास्त पडत नाही. बायको म्हणते, "सोन्याचं नाही, चांदीचं नाही, आणि बाजारात चालतही नाही. मग याला नाणं तरी का म्हणायचं?"

कुणाच्या नाण्यावर वीणेसारखे तंतुवाद्य असते; फ्रिजियातल्या अपामियाच्या एका नाण्यावर दोन नळ्यांचे वाद्य फुंकीत चाललेला मार्सियस असतो. पण माझा जीव जडला आहे तो ऑलिंथसच्या नाण्यावर. उत्तर ग्रीसमधल्या खाल्किडिकी प्रांतातील शहरांनी एक संघ केला होता, त्याचे हे मुख्य शहर. नाण्याच्या एका बाजूला अपोलोचे मस्तक, त्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट. दुसऱ्या बाजूला कितारा आणि भोवती 'खाल्किडींचे' अशी अक्षरे. आकार म्हणाल, तर आपल्याकडे १९५७ साली निघालेल्या एका नव्या पैशाएवढा.

कितारा म्हणजे लाकडी पेटीवर दोन बाहू, त्यांना जोडणारी एक आडवी दांडी आणि तिच्यापासून खाली ताणलेल्या, बहुधा सात, आतड्याच्या तारा. पडदे नाहीत, स्वरमंडळासारखी प्रत्येक स्वराची आपली तार. आजच्या गिटारचे नाव याच शब्दावरून आले आहे. आपली सतार कानाला याची सख्खी बहीण वाटते खरी, पण तिचे नाव फारसीतले. त्याचा अर्थ तीन तारा.

इ. स. पू. ३४८ मध्ये मॅसिडोनियाच्या फिलिपने, म्हणजे सिकंदराच्या बापाने, ऑलिंथस घेतले, जमीनदोस्त केले आणि तिथली माणसे गुलाम म्हणून विकली. १९२८ ते १९३८ या काळात डेव्हिड रॉबिन्सन यांनी तिथे उत्खनन केले. तेव्हा घरांचे पाये सापडले, नाणी सापडली आणि फिलिपचे नाव कोरलेल्या शिशाच्या गोफणगोळ्याही सापडल्या. शहर गेले, वाजवणारे गेले, ऐकणारे गेले. कुणाच्या तरी कनवटीची चिल्लर तेवढी राहिली.

माझे पहिले नाणे मात्र फिलिपने नव्हे, मी मारले. दिवाळीची आवराआवर चालली होती. बायको समया चिंचेने घासत होती. मला काय सुचले कोण जाणे, त्याच चिंचेत मी नाणेही घासले. ब्राँझवरची ती हिरवी पुटी म्हणजे मळ नव्हे. शतकानुशतके मातीत राहून धातूवर आलेली ती कातडी असते, आणि बारीक रेघा पुष्कळदा त्या कातडीतच टिकून राहिलेल्या असतात. हे मला पुढे कळले. हातात उरली एक गुळगुळीत तांबूस चकती. ताऱ्यासारखी चमकत होती, पण तारा मात्र एकही नव्हती.

त्या रात्री मला झोप आली नाही; आणि त्याचे कारण ते नाणे नव्हते. १९६६ साली मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा फीचे पैसे घरात नव्हते. ताईची मिरजेची सतार विकली गेली. त्यानंतर घरात 'सतार' हा शब्द कुणी उच्चारला नाही. वाद्याचे नाणे झाले. माझ्या हातून मुके झालेले पहिले वाद्य ते होते, कितारा दुसरे.

गेल्या दिवाळीत ताई आमच्याकडे आली. ती आता ऐंशीच्या घरात आहे. लक्ष्मीपूजनाची तयारी करताना मी धीर करून माझे दुसरे, न घासलेले नाणे तिच्या हातावर ठेवले. तिने चष्मा कपाळावर सरकवला आणि नाणे डोळ्यांजवळ नेले.

"तारा किती रे याला?"

"असतात सात. यावर दिसतात पाच."

"माझ्या सतारीलाही सातच होत्या. तरफा वेगळ्या."

इतक्या वर्षांनी तो शब्द आमच्या दोघांत आला. मी विचारले, "ताई, तुला माझा राग नाही आला?"

"आला तर! रेडिओवर सतार लागली की मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायची. मग तुझी पहिली मनीऑर्डर आली. तिच्यातून धाकट्याची फी भरली. मग रागवायचं तरी कुणावर?" ती पुन्हा नाण्याकडे पाहू लागली. "बरं, हे लक्ष्मीच्या ताटात ठेवायचं की सरस्वतीच्या?"

मला उत्तर सुचेना. तिने ते रुपयांच्या शेजारी ठेवले आणि हळदकुंकवाच्या कोयरीकडे हात नेला. मी घाईघाईने म्हणालो, "ताई, त्याला कुंकू नको. पुटी खराब होईल."

"जपतोस हो फार!" ती हसली, आणि दोन अक्षता तिने नाण्याच्या बाजूला वाहिल्या.