ग्रेच्या आईचं थडगं

आज स्टोक पोजेसला जाऊन आले. लंडनच्या पश्चिमेला, स्लाउजवळचं हे गाव. इंग्रज कवी थॉमस ग्रेची १७५१ साली छापून आलेली प्रसिद्ध विलापिका इथल्याच चर्चच्या दफनभूमीवरची, असं मानतात. मला मात्र ओढ होती ती चर्चच्या भिंतीलगतच्या एका साध्या, विटांच्या थडग्याची.

ते ग्रेच्या आईचं. डोरोथी १७५३मध्ये गेली. बारा मुलांतला हा एकटाच जगला. शिळेवरचा मजकूर त्याचाच. आईच्या मागे उरण्याचं दुर्दैव एकट्याच्याच वाट्याला आलं, असं त्यानं त्यात कोरून ठेवलंय. अक्षरं झिजलीत, पण बोट फिरवलं की लागतात. १७७१मध्ये त्यालाही इथंच, आई आणि मावशीजवळ पुरलं. थडग्यावर त्याचं नाव नाही. ते समोर चर्चच्या भिंतीत बसवलेल्या शिळेवर आहे.

आपण अस्थी नदीत सोडतो, खूण ठेवत नाही. उरतं ते श्राद्धात घेतलेलं नाव. तर्पणात आई, आजी, पणजी, त्यापलीकडे गोत्र. दगड काय, मंत्र काय, दोन्हींची मुदत ठरलेली. म्हणून आईबद्दल जे लिहायचं असेल, ते तिला वाचता येतंय तोवरच लिहा.