मऊ टोमॅटोचा वाटा

गेल्या आठवड्यात मढला फेरीबोटीतून उतरून घरी येत होते, तर गल्लीच्या तोंडाशीच वास आला. लोण्यावर परतलेला कांदा आणि त्यात नुकते पडलेले टोमॅटो. सुकट, डिझेल, खारा चिखल या सगळ्यांतूनही हा वास वेगळा ओळखू येतो. आमच्या गल्लीतल्या मावशींच्या घरातून येत होता तो. जानेवारीत एरंगळची जत्रा उलटली आणि त्याच महिन्यात मावशी गेल्या. आता तिथे भाडेकरू आहेत, मालिकांच्या सेटवर काम करणारी मुलं. त्या ओट्यावर आजवर काय काय शिजलंय, हे त्यांना कुठून माहीत असणार? मी मात्र दारासमोर थांबले आणि डोळ्यांपुढे एकदम आईचा हात आला. पिठाच्या चाळणीत पळीची पाठ गोल गोल फिरवणारा.

आमच्या घरी टोमॅटोचं सूप यायचं ते मालाडच्या बाजारातून, मासळीच्या रिकाम्या पाटीतून. आई तिथे मासे विकायला बसायची. दिवे लागले की उरलेल्या मासळीचे वाटे घालायची. सकाळी भाव करून विकली जाणारी मांदेली संध्याकाळी वाट्यावर जाते, हा बाजाराचा नियमच. समोरच्या फुटपाथवर भाजीवालीचंही तेच चाललेलं असायचं. टोपलीच्या तळाचे टोमॅटो दिवसभर वरच्यांचं वजन सोसून मऊ पडलेले, एखाद्याची साल उललेली. तेही वाट्यावर जायचे. सुट्टीच्या दिवसांत मी आईबरोबर असायची, तेव्हा हे बघायची. निघताना आई मांदेलीचा शेवटचा वाटा कागदात बांधून भाजीवालीपुढे ठेवायची आणि ती आपला टोमॅटोचा वाटा आईच्या पाटीत सोडायची. मधे पैसे नाहीत.

"उद्यापर्यंत टिकायचे नाहीत हां," भाजीवाली दर वेळी बजावायची.

"टिकवायचेत कुनाला? आज रातीच संपवते," आई म्हणायची.

मग २७१ नंबरची बस. मार्वे रोडने हेलकावत गाडी मढला पोचेपर्यंत पाटीच्या तळाशी रस जमलेला असायचा.

सूप आईला शिकवलं मावशींनी. त्या गावातल्याच ईस्ट इंडियन ख्रिस्ती. इथल्या एका मोठ्या बंगल्यात स्वयंपाक करायच्या. तिथलं सूप ताज्या क्रीमचं. घरी क्रीम कुठलं? सकाळचा उरलेला पाव आणि नारळ मात्र असायचा. त्यावर त्यांनी जे बसवलं, तेच मी आजही आठवड्याच्या मधल्या, दमलेल्या रात्री करते.

अर्धा किलो पिकलेले टोमॅटो, एक कांदा, लसणाच्या चार पाकळ्या, अर्धं गाजर. कुकरमध्येच चमचाभर लोणी तापवायचं. कांदा-लसूण मऊ होईपर्यंत परतायचा, लाल होऊ द्यायचा नाही. टोमॅटो चार फोडी करून घालायचे, वर गाजराच्या चकत्या, मीठ, अर्धी वाटी पाणी. दोन शिट्ट्या. वाफ गेली की त्या गरम रसात शिळ्या पावाचे तुकडे बुडवून पाच मिनिटं ठेवायचे. पाव फुगून दिसेनासा झाला की सगळं निववून मिक्सरमधून काढायचं आणि चाळणीवर घ्यायचं. परत मंद आचेवर ठेवून अर्धी वाटी नारळाचं घट्ट दूध, भरपूर मिरपूड, आणि उकळी फुटायच्या आत गॅस बंद. क्रीम असेल तर क्रीम घाला, कृती तीच. साखरेचं काम गाजर करतं.

चाळणीपाशी माझं मन नेहमी अडतं. आईच्या वेळी मिक्सर नव्हता, सगळा जोर पळीचा. वर फक्त साली आणि बिया उरल्या, तरी ती थांबायची नाही. दिवसभर उकिडवी बसलेली बाई आता ओट्याशी उभी राहून त्या कोरड्या चोथ्यातून आणखी चार थेंब काढतेय, हे मला तेव्हा कळायचं नाही. भूक लागलेली असायची. चाळणीच्या खालच्या अंगाला दाट गर चिकटून राहतो. तो ती बोटाने निपटून पातेल्यात घ्यायची, तेव्हा कुठे चाळणी मोरीत जायची. पुढे वाचनात आलं की टोमॅटोच्या बियांभोवतीच्या बुळबुळीत गरात ग्लुटामेट मांसल भागापेक्षा जास्त असतं. जिभेवर रेंगाळणारी ती भरीव चव त्याचीच. बिया काढून टाका असं सांगणाऱ्या कृती चवीचा मोठा वाटा कचऱ्यात घालतात. आईची पळी बरोबर तिथेच फिरत होती.

पावाचं शहाणपणही असंच पक्कं आहे. टोमॅटोचा सामू ४.३ च्या आसपास, आणि दुधातलं केसीन ४.६ ला गोळा होतं. म्हणून गरम टोमॅटोत दूध ओतलं की ते फाटतं. क्रीममध्ये स्निग्धांश जास्त आणि केसीन कमी, त्यामुळे ते बराच तग धरतं. पावातला स्टार्च रसात फुगून सूप दाट करतो आणि दुधाचे कण एकमेकांना चिकटू देत नाही. नारळाच्या दुधात केसीन नसतं, पण खळखळून उकळलं तर तेही फुटतं. सार करणाऱ्या प्रत्येक घरात हे माहीत असतं. तुपात जिरं-हिंगाची फोडणी, टोमॅटोचा रस, नारळाचं दूध आणि त्यानंतर उकळी नाही. मावशींचं सूप आणि आमच्याकडचं सार यांचा शेवटचा नियम एकच.

पाव, टोमॅटो आणि नारळ असे एकत्र आले की मढचा किल्ला आठवतो. गावाच्या टोकाला आहे तो पोर्तुगीजांनी बांधलेला, फेब्रुवारी १७३९ मध्ये मराठ्यांनी घेतलेला. एरंगळचं संत बोनाव्हेंचरचं चर्च त्याहून जुनं, १५७५ चं. पावाची रीत इकडे आली ती या पोर्तुगीजांच्या काळातच, आणि अमेरिकेतला टोमॅटोही त्यांच्याच जहाजांच्या वाटेने आला असं मानतात. मढच्या एका पातेल्यात हे दोन पाहुणे आणि किनाऱ्यावरचा नारळ एकत्र येतात. किल्ला घेणाऱ्या चिमाजीअप्पांच्या मोहिमेबद्दल मी शाळेत पानंच्या पानं लिहिली. या पातेल्याबद्दल कुणी विचारलं नाही.

टोमॅटो सूपची दुसरी गोष्ट अमेरिकेतली. तिथे १८९७ साली जॉन डॉरन्स नावाच्या तरुण रसायनशास्त्रज्ञाने कॅम्पबेल कंपनीसाठी सूपमधलं निम्मं पाणी काढून ते डब्यात भरलं. डबा लहान झाला, हलका झाला, दहा सेंटला मिळू लागला. पहिल्या पाच प्रकारांत टोमॅटो होतंच. दमून आलेल्या माणसाला दहा मिनिटांत गरम काहीतरी मिळावं, ही गरज त्याने ओळखली. मला त्याचा आदर वाटतो.

माझा राग आहे तो लग्नाच्या हॉलमधल्या सूपवर. कॉर्नफ्लोअरची खळ, लाल रंग, साखर, वर क्रीमची नक्षी. चमचा बुडवला की सूप थरथरतं. टोमॅटोची आंबट धार त्यात कुठेच लागत नाही. लहान मुलं तेच पितात आणि टोमॅटो सूप म्हणजे हेच असं धरून चालतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. बराचसा दाटपणा टोमॅटोतच असतो. तो गाळून काढायला दहा मिनिटं हात चालवावा लागतो, आणि आठवड्यातल्या साध्या रात्रीच्या जेवणालाही तेवढा हात लावण्याचा मान मिळायला हवा.

पावसाळ्यात मात्र घरचं सूप करणं जड जातं. जून-जुलैत यांत्रिक बोटींना समुद्र बंद असतो, ताजी मासळी फारशी नसते, आणि नेमके तेव्हाच टोमॅटो महागतात. उन्हाळी पीक संपलेलं, नवं यायचं असतं, आहे ते पावसाने नासतं. जुलै २०२३ मध्ये मुंबईत टोमॅटो किलोला दीडशेच्या वर गेला. त्याआधी दोनच वर्षं, ऑगस्ट २०२१ मध्ये, नाशिककडच्या शेतकऱ्यांनी दोन-तीन रुपये किलोचा भाव बघून टोमॅटो रस्त्यावर ओतले होते. नारायणगाव, पिंपळगावच्या बाजारांत क्रेट भरणाऱ्याला या दोन्ही टोकांत काय सोसावं लागतं, याचा विचार आम्ही मुंबईकर भाव चढल्यावरच करतो.

कोळीवाड्यात आगोटीआधी, म्हणजे पावसाआधी, बेगमी करतात. वलांडीवर बोंबील वाळतात, जवळा डब्यात जातो, चार महिन्यांची सोय होते. टोमॅटोची बेगमी कुणी करत नसे. मी ती सुरू केलीय. एप्रिल-मेमध्ये टोमॅटो स्वस्त झाले की कांदा-लसणासकट शिजवून, गाळून, पाव आणि दूध न घालता डब्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवते. पावसात एक डबा काढला की सूप पंधरा मिनिटांत होतं. या डब्यांसाठी मी कडक, चकचकीत, जाड सालीचे टोमॅटो घेत नाही. ते लांबच्या प्रवासासाठी वाढवलेले असतात, लवकर रस सोडत नाहीत. मला हवे असतात तळाचे.

त्यासाठी मी मुद्दाम संध्याकाळी मालाडला उतरते. तिथे आजही बायका दिवसाच्या शेवटी वाटे घालून बसतात. कुणाला विरारची गाडी गाठायची असते, कुणाला उरलेला माल घेऊन फुटपाथवरून उठायचं असतं. माझ्यासारख्याच कामावरून परतणाऱ्या बायका त्यांच्यापुढे उभ्या राहून वीस रुपयांच्या वाट्यात आणखी दोन घाल म्हणून हुज्जत घालतात. आईने तसं कधी केलं नाही, कारण वाट्यामागे बसणं काय असतं हे तिला ठाऊक होतं. माझं सांगणं एवढंच आहे: तो मऊ वाटा घ्या, सांगतील तेवढे पैसे द्या, आणि आज रात्रीच सूप करा.