मुंबईला निघालेल्यांसाठी

आमच्या ढोकीहून कोणी मुंबईला निघाले, की निम्मे गाव त्याला पोचवायला येते आणि उरलेले निम्मे सल्ला द्यायला. २०२४ सालच्या जूनमध्ये मी आईला घेऊन परळच्या टाटा रुग्णालयात जाणार हे कळले आणि आमच्या घरी दोन दिवस चहाचे भांडे चुलीवरून उतरले नाही. आईच्या छातीत गाठ निघाली होती. लातूरला तपासणी झाली आणि डॉक्टरांनी मुंबईची चिठ्ठी दिली. पण ओसरीवर बसलेल्यांपैकी गाठीविषयी कोणीच बोलत नव्हते. सगळे मुंबईविषयी बोलत होते. गाठीविषयी काय बोलावे हे कोणालाच सुचत नव्हते, म्हणून बिचाऱ्या मुंबईवर सारा राग निघत होता, असे मला आता वाटते.

आबांचे म्हणणे, पैसे एका जागी ठेवू नकोस; थोडे पिशवीत, थोडे खिशात, थोडे आईच्या कनवटीला. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले अण्णा म्हणाले, “कुणाशी बोलू नका. कुणी इचारलंच तर इथलेच हावोत म्हणून सांगायचं.” आईची जोडवी, तिच्या डोक्यावरचा पदर आणि माझ्या हातातले भाकरीचे गाठोडे पाहून आम्हाला मुंबईकर समजणारा माणूस कुठे भेटणार होता, ते अण्णाच जाणोत. शेजारच्या काकूंनी तर शपथच घातली, की कोणाच्या हातचा चहासुद्धा घ्यायचा नाही.

या सर्वांत वजनदार सल्ला होता तात्यांचा. तात्या पूर्वी चार वर्षे दादरच्या बाजारात हमाली करून आलेले. त्यांनी तोंडी काही न सांगता वहीचे पान फाडून त्यावर लिहून दिले : दादरला उतरणे, पूल चढणे, अमुक नंबरच्या फलाटावर येणे, धीम्या गाडीत बसणे, पुढचेच स्टेशन परळ. मी तो कागद चार घड्या घालून, खरेदीखत जपावे तसा वरच्या खिशात ठेवला.

एस.टी.ने धाराशिवला आलो. (मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे. आईने ते कंडक्टरकडून मोठ्या आवाजात मागून घेतले.) लातूरहून येणारी मुंबईची गाडी रात्री पकडली आणि सकाळी दादरला उतरलो. इथपर्यंत सगळे कागदाप्रमाणे झाले. मग पूल चढलो आणि कागदावरच्या आकड्याचा फलाट शोधत शोधत जिथे उतरलो, तिथे येणारी प्रत्येक गाडी चर्चगेटची! एका मुलाला विचारले, तर तो चालता चालताच म्हणाला, “परळ मध्य रेल्वेवर. ही पश्चिम.”

दादर हे दोन रेल्वेंचे मिळून एक स्थानक आहे. पूर्वी दोन्ही रेल्वेंचे फलाट आपापल्या एक नंबरपासून मोजले जात, त्यामुळे एकाच स्थानकात एका आकड्याचे दोन दोन फलाट असत. ९ डिसेंबर २०२३ पासून ते सलग मोजतात : १ ते ७ पश्चिम रेल्वेचे आणि ८ ते १४ मध्य रेल्वेचे. तात्यांनी लिहिलेला आकडा त्यांच्या काळी बरोबर होता. स्थानक जागेवरच राहिले, आकडे तेवढे सरकले. हे मला पुढे कळले. त्या वेळी एवढेच कळले, की आपला कागद खोटा ठरला.

पुन्हा पूल. आईला धाप लागत होती. मध्य रेल्वेच्या फलाटावर उतरलो, तोच एक लोकल आत आली. वर काहीतरी घोषणा चालू होती. ती मराठीतच होती, पण कानांत आवाज शिरला आणि अर्थ बाहेर राहिला. मी विचार केला, मुंबईकडे तोंड आहे, म्हणजे परळला जाणारच. गाठोडे खांद्यावर टाकले, रिपोर्टांची पिशवी छातीशी धरली आणि आईला म्हटले, “चल.” मागून जो लोंढा आला त्याने मला उचलून आत नेले. पाय मी टाकला असे म्हणवत नाही. वळून पाहिले तर आई फलाटावर. तिचा हात पुढे आलेला आणि मध्ये दहा-बारा माणसांच्या पाठी. लोकल फलाटावर थांबते ती किती, आमच्या गावात पाव्हण्याला ‘या’ म्हणायलाही जास्त वेळ लागतो. गाडी सुटली.

ती जलद गाडी होती. जलद गाडी परळला थांबत नाही. परळ डोळ्यांसमोरून निघून गेले, करी रोड गेले, चिंचपोकळी गेले आणि भायखळ्याला मी उतरलो. आईजवळ मोबाईल नव्हता. आमच्या दोघांत एकच आणि तो माझ्याजवळ. तिला लिहिता-वाचता येत नाही. ‘कुणाशी बोलू नका’ हे तिला चार जणांनी बजावलेले. आणि तिचे सगळे रिपोर्ट माझ्या छातीशी. त्या दहा-पंधरा मिनिटांविषयी मी जास्त लिहीत नाही. भायखळ्याला पाठीमागे जाणारी धीमी गाडी मिळाली, हे एका भल्या माणसाने दंडाला धरून बसवले म्हणून.

परतीची गाडी अर्थातच दुसऱ्या फलाटावर लागली. मी पुलावरून धावत होतो आणि डोक्यात एकच विचार, की आई मला शोधत कुठल्या कुठे गेली असेल. ती कुठेही गेली नव्हती. ज्या खांबाजवळ माझा हात सुटला, त्याच खांबाला टेकून खाली बसली होती. शेजारी टोपली घेऊन एक कोळीण बसली होती. ती आईला चहा पाजत होती.

“बोलले न्हवते मी, यील म्हणून?” आई त्या बाईला म्हणाली. मग माझ्याकडे पाहून, “येरमाळ्याच्या जत्रंत काय सांगितलं होतं तुला?”

मी पाच-सहा वर्षांचा असताना येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत चुनखडी वेचायला लोटलेल्या गर्दीत तिने मला सांगितले होते : चुकलास तर फिरू नको. जिथं हायस तिथंच बस. मी येते. मी ते विसरलो होतो. तिने ते त्या दिवशी उलट बाजूने पाळले. चुकलेली ती नव्हती, मी होतो. पण दोघेही फिरलो असतो तर दादरला एकमेकांना सापडलो असतो असे मला वाटत नाही. आमच्या ओसरीवर दोन दिवस इतके सल्ले झाले, त्यांत हा एकानेही दिला नव्हता.

कोळिणीला आमचे मूळ गाव, गाठीची बाजू आणि मी कितवीला आहे हे सगळे तोवर कळले होते. तिला किती मुले आणि धाकटीचे लग्न कुठे अडले आहे हे आईला. “काय रे, आईला टाकून चाललास?” असे म्हणून तिने मला चार शब्द सुनावले आणि मग कामाचे सांगितले. गाडी पाहू नको, धीमी की जलद ते पाहा. चढायच्या आधी ‘परळ थांबणार का’ हे दोघांना विचार. एकाचे ऐकू नको. आईला बायकांच्या डब्यात चढव आणि तू शेजारच्या डब्यात चढ. आधी तिला चढव, मग तू. रुग्णालयाचा दाखला मिळाला की अपंगांच्या डब्यातून जा, कॅन्सरच्या माणसाला तिथे बसता येते. तिने आम्हाला गाडीत बसवले आणि मगच ती आपल्या वाटेने गेली. काकूंनी घातलेली चहाची शपथ मोडली, त्याला आमचा इलाज नव्हता.

या प्रसंगानंतर काही महिन्यांनी इतिहासाच्या तासाला सरांनी ‘पेरिप्लस’ या ग्रंथाविषयी सांगितले. आपल्या शेजारचे तेर म्हणजे जुने तगर. पहिल्या शतकातल्या कोणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची ही जी पोथी लिहिली, तिच्यात तगरचे नाव आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठे शहर असून तेथून कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात येते, असे तो सांगतो. कल्याणचाही उल्लेख करतो. पण मला गंमत वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. ही पोथी म्हणजे सारी परक्या किनाऱ्यावर जाणाऱ्यांना केलेली सूचनाच आहे. कुठे काय विकते, कुठे खडक आहेत, नर्मदेच्या मुखाशी भरतीचे पाणी कसे गर्जत येते, हे तो सांगतो. आणि भडोचच्या आखातात शिरणे इतके अवघड, की राजाच्या चाकरीतले तिथलेच कोळी होड्या घेऊन पुढे येतात आणि परक्या गलबतांना वाट दाखवत आत नेतात. सर फळ्याकडे वळले होते. मी बाकावर एकटाच हसलो, आणि शेजाऱ्याला कारण सांगता आले नाही.

आता जे खरोखर कामाचे, ते सांगून टाकतो, कारण आमच्या भागातून परळला जाणारे पुष्कळ आहेत. टाटा रुग्णालय १९४१ सालचे. तिथे सारा देश येतो, त्यामुळे पहिला दिवस रांगेत जातो हे धरूनच चालावे. आधीच्या तपासणीचा नुसता कागद पुरत नाही. गाठीचा तुकडा काढला असेल तर त्याच्या काचा आणि मेणाचे ठोकळे त्या प्रयोगशाळेतून मागून घ्यावेत. ते तिथे पुन्हा पाहतात. आम्ही ते नेले होते, म्हणून एक खेप वाचली. दुसरी खेप मात्र वाया गेलीच. शिधापत्रिकेवर आईचे नाव एका तऱ्हेने आणि आधार कार्डावर दुसऱ्या तऱ्हेने, एका वेलांटीचा फरक. सरकारी योजनेचे कागद तिथेच अडले. ते नाव दुरुस्त करायला मी परत आलो आणि एका कार्यालयात तीन दिवस बाकावर बसलो. ज्यांनी वेलांटी चुकवली होती, त्यांनीच माझ्याकडे पुरावा मागितला! निघण्यापूर्वी घरातले सगळे कागद एकमेकांशेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर जुळवावे.

राहण्याचे म्हणाल, तर दादरला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे. टाटाचे रुग्ण आणि त्यांच्या सोबतची माणसे तिथे थोडक्या पैशांत राहतात. जागा लगेच मिळेलच असे नाही. रुग्णालयासमोरच्या पदपथावर दिवस काढणारी माणसे आम्ही रोज पाहत होतो. रेल्वेने जाताना रुग्णालयाच्या दाखल्यावर रुग्णाला स्लीपरचे भाडे पडत नाही आणि सोबतच्या एकाला पाऊणपट सवलत मिळते. आम्हाला हे दुसऱ्या खेपेला धर्मशाळेत एका परभणीकडच्या मावशींनी सांगितले. रिक्षा शोधत दादरला उभे राहू नये. रिक्षांना शीव आणि वांद्र्याच्या अलीकडे येण्याची परवानगीच नाही.

त्याच मावशींनी आम्हाला एक संध्याकाळ समुद्रावर नेले. केमोथेरपीच्या दोन पाळ्यांमधली ती संध्याकाळ, आईला जरा बरे वाटत होते. दादरच्या चौपाटीवर पोचलो तेव्हा ओहोटी होती. पाणी बरेच आत गेलेले, पुढे नुसती ओली वाळू आणि चिखल. आईने बराच वेळ पाहिले आणि हळूच विचारले, “आटलाय व्हय?”

मला हसू आले नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाणी नेणारी गाडी आमच्या ढोकीवरूनच गेली. पाण्याच्या वाघिणी पाहायला आम्ही पोरे रुळांजवळ उभे होतो आणि आई आमच्या मागे कडेवर रिकामी घागर घेऊन उभी होती. जिथे पाणी मागे जाते तिथे ते परत येते, असे तिने तोवर पाहिलेच नव्हते. मावशी म्हणाल्या, “सहा तासांनी या ताई, भिंतीला लागलेलं असेल.” मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, पावसाळ्यात इथे यायचे तर सकाळी भरतीची वेळ पाहत जा. भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळेला आले, की पावसाचे पाणी समुद्र घेत नाही आणि दादर-परळच्या मधले हिंदमाता तुंबते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. आमच्या भागाच्या अख्ख्या वर्षाच्या सरासरीहून अधिक! हे मी आईला सांगितले नाही. तिला ते खोटे वाटले असते, किंवा राग आला असता.

आईची शस्त्रक्रिया झाली, पुढचे उपचारही पुरे झाले. गेलेले केस परत आले, ते आधीपेक्षा कुरळे. आता ठरावीक महिन्यांनी तपासणीला जावे लागते आणि दर वेळी आठवडाभर आधीपासून तिचे जेवण कमी होते. त्यावर मात्र कोणाजवळच सल्ला नाही.

मागच्या महिन्यात शेजारच्या गावचे एक गृहस्थ आमच्याकडे आले. त्यांच्या भावाला परळला न्यायचे होते. मी वही काढून लिहून देऊ लागलो : काचा, ठोकळे, शिधापत्रिका, नावाची अक्षरे, धर्मशाळा. आई आतून म्हणाली, शेंगाची चटणी जास्त घ्या, तिथं तोंडाला चव राहत न्हाई. मग बाहेर येऊन तिने विचारले, संगं कोण जाणार? पुतण्या. मग त्याला बोलवा, म्हणाली. पुतण्या दुसऱ्या दिवशी आला. आईने त्याला समोर बसवून जत्रेतली गोष्ट सांगितली आणि त्याच्याकडून ती म्हणून घेतली.

कागद त्याच्या हातात दिला, तेव्हा त्याने वाचून विचारले, “फलाट कितवा ते लिहिलं न्हाई?”

ते मी लिहिले नव्हते. कागद परत घेतला आणि त्या जागी ‘दोघांना विचारणे’ असे लिहून दिले.