मुनीम आणि मॉर्गन

गेल्या वर्षी जून महिन्यात आम्ही उभयता मुलाकडे नेदरलँड्सला गेलो होतो. तो ॲमस्टरडॅमला लागून असलेल्या ॲमस्टलव्हेन या गावी राहतो. तेथे भारतीय कुटुंबे इतकी आहेत की दुकानात मेथीची जुडी मिळते आणि बागेतल्या बाकावर दहा मिनिटे बसले की कोठून तरी मराठी कानावर पडते. पहिल्या आठवड्यात कालवे, पवनचक्क्या वगैरे जे सर्वजण पाहतात ते पाहून झाले. त्यानंतर एके दिवशी आठ वर्षांच्या नातीने जाहीर केले की आता दादाजी-दादींना मांजरांच्या संग्रहालयात न्यायचे आहे.

छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला कोणत्याही गोष्टीचा खर्च आधी दिसतो. एका युरोचे रुपये किती, हा गुणाकार माझ्या डोक्यात तेथे अखंड चालू असे. मांजरे तर आमच्या गल्लीत फुकट दिसतात, असे मी म्हणालोही. परंतु सौ.ने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मी मुकाट्याने बूट घातले.

हे संग्रहालय हेरेनग्राख्त नावाच्या कालव्यावर, ४९७ क्रमांकाच्या घरात आहे. घर १६६७ सालचे. म्हणजे ते बांधले गेले तेव्हा शिवराज्याभिषेकाला अजून सात वर्षे होती. कालव्याच्या या भागाला तेथील लोक ‘सोनेरी वळण’ म्हणतात, कारण सतराव्या शतकात शहरातील सर्वांत धनाढ्य व्यापाऱ्यांनी येथे घरे बांधली. बहुतेक डच घरे अरुंद, येथली मात्र ऐसपैस. हा पैसा कोठून आला हे आपल्याला निराळे सांगायला नको. त्यांच्या ईस्ट इंडिया कंपनीची वखार आपल्या वेंगुर्ल्यात होती, तिचे अवशेष आजही उभे आहेत. आणि त्याच शतकात सुरतेचे जैन सावकार विरजी व्होरा या परदेशी कंपन्यांशी बरोबरीच्या नात्याने व्यवहार करीत होते, इंग्रजांना तर कर्जेही देत होते. उंच खिडक्यांच्या त्या दिवाणखान्यात उभे राहिल्यावर मला परके वाटले नाही, ते बहुधा यामुळेच. पेढीचा वास सगळीकडे सारखाच असतो.

आणि अशा त्या घरात सर्वत्र मांजरे! भिंतींवर चित्रे, कपाटांत पुतळे, जुन्या जाहिराती, पुस्तके. पॅरिसमधील ‘काळे मांजर’ नावाच्या करमणूकगृहासाठी स्टाइनलेन या चित्रकाराने १८९६ साली केलेले प्रसिद्ध भित्तिपत्रक तेथे आहे. रेम्ब्रांट, पिकासो, तुलूझ-लोत्रेक यांच्या कलाकृतीही आहेत. चित्रांतले मला फारसे कळत नाही. परंतु एका खुर्चीवर पाहिले तर मांजराची मूर्ती होती, आणि मी वाकून पाहू लागताच त्या मूर्तीने एक डोळा उघडला. घरातली खरी मांजरे तेथे मोकळी वावरतात. नातीने तेथेच बसकण मारली. पुढची वीस मिनिटे ती जागची हलली नाही आणि मला संग्रहालय निवांत पाहता आले.

हे सर्व कशासाठी, तर एका बोक्यासाठी. बॉब मायर नावाच्या गृहस्थांकडे तांबड्या रंगाचा एक बोका होता. १९६६ साली जन्मलेला हा बोका १९८३ साली गेला. त्याच्या स्मरणार्थ मायर यांनी १९९० मध्ये हे संग्रहालय उघडले. त्या बोक्याचे नाव वाचले आणि मी मोठ्याने हसलो. जॉन पियरपॉन्ट मॉर्गन! बँकिंगचा इतिहास वाचलेल्या कोणालाही हे नाव परिचयाचे आहे. १९०७ साली अमेरिकेत ठेवीदारांची धावपळ उडाली, तेव्हा त्यांच्याकडे मध्यवर्ती बँक नव्हती. या मॉर्गनसाहेबांनी मोठमोठ्या बँकवाल्यांना आपल्या ग्रंथालयात एकत्र आणून त्यांच्याकडून पैसा उभा करून घेतला होता. एम.कॉम.ला असताना मी यावर टिपणे काढली होती. त्या सावकाराचे नाव बोक्याला! बोक्याच्या पंधराव्या वाढदिवसाला मित्रांनी डॉलरची एक गमतीदार नोटही छापली. वॉशिंग्टनच्या जागी बोक्याचे चित्र आणि ‘ईश्वरावर आमचा विश्वास आहे’ याऐवजी ‘आमचा कुत्र्यावर विश्वास नाही’ असा मजकूर. इंग्रजीत या दोन शब्दांची अक्षरे उलटसुलट आहेत, ही त्यातली खुबी. माझ्या हाताखालून कोट्यवधींच्या नोटा गेल्या, परंतु अशी एकही आली नाही.

हसू ओसरले ते १९८३ या सालाने. कारण त्यानंतरच्या वर्षी आमच्या ‘मुनीम’चे जे झाले, ते मी केले होते.

जुन्या मोंढ्यात आमचे भुसारचे दुकान होते. भुसार म्हटले की उंदीर आलेच. बापूजी पिंजरा लावीत नसत आणि औषधाचे तर नावही काढू देत नसत. मग एके दिवशी कोठूनसा हा बोका आला आणि गादीवर, रोजमेळाच्या वहीशेजारी, पाय पोटाशी घेऊन बसला. हमालांनी त्याचे नाव मुनीम ठेवले. गिऱ्हाईक आले की तो अर्धवट डोळे उघडून पाही आणि उधारीवाला असेल तर पाठ फिरवी, असे हमाल सांगत. त्यात अतिशयोक्ती असावी. बापूजी त्याला सकाळ-संध्याकाळ दूध-भाकरी घालीत. पोट भरलेले असले की तो शिकार करणार नाही, हा त्यांचा हिशेब. मांजराला तो मान्य नव्हता.

शेजारचे तेलाचे व्यापारी एकदा थट्टेने म्हणाले, ‘शेठ, बरी युक्ती आहे. उंदीर मारायचे मांजराने आणि तुम्ही अहिंसक. हे पाप कोणत्या खात्यात टाकता?’

बापूजी म्हणाले, ‘माझ्या नावे टाका. पगार मी देतो ना.’

त्या वेळी मला हे उत्तर म्हणजे हजरजबाबीपणा वाटला. नंतर नोकरीत तारणकर्जांची गोदामे तपासताना पोत्यांवर पहुडलेली मांजरे पाहिली, तेव्हा प्रत्येक वेळी ते आठवले. मालातील घट आम्ही कागदावर मांडीत असू. बाकीचे कोठे मांडायचे याला आमच्या नमुन्यात रकाना नव्हता.

१९८४ च्या पर्युषणात, दुकान उघडण्याच्या वेळी, मुनीमने उंबऱ्यावरच एक पारवा धरला. स्थानकात निघालेल्या बाया थबकल्या. उंबऱ्यावर रक्त, पिसे. कोणीतरी काहीतरी बोलले. मी पंचविशीचा, नुकताच बँकेत लागलेला. लोकांत आपली शोभा झाली एवढेच मला दिसले. बापूजी व्याख्यानाला गेले होते. मी मुनीमला बारदानात घातले, तोंड सुतळीने बांधले आणि लुनावर पायांपाशी ठेवून दौलताबाद गाठले. वाटेत काही वेळ तो ओरडत होता, मग गप्प झाला. किल्ल्याच्या पुढे सीताफळांच्या झाडीत मी बारदान सोडले. तो बाहेर आला, पळाला नाही. तेथेच बसून माझ्याकडे पाहत राहिला. गाडी मी सुरू केली.

बापूजींनी रात्री विचारले, ‘कोठे सोडलास?’ मी सांगितले. ते रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी उपवास असताना सकाळच्या एस.टी.ने ते दौलताबादला गेले आणि दिवे लागल्यावर परतले. त्यांच्या धोतराला कुसळे चिकटलेली होती. हात रिकामे होते.

संवत्सरीच्या प्रतिक्रमणानंतर मी रीतीप्रमाणे त्यांच्या पाया पडून क्षमा मागितली. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि हलकेच म्हणाले, ‘माझ्याकडे कशाला? ज्याच्याकडे मागायची तो येथे नाही.’ या विषयावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत. पुढे मी शाखाधिकारी झालो, दरवर्षी क्षमापनेची शे-दोनशे छापील कार्डे पाठवू लागलो; आता मोबाईलवर एका बोटासरशी पाचशे जणांची क्षमा मागून होते.

संग्रहालयाच्या बाहेर पडल्यावर सौ.ने विचारले, ‘अहो, बरे वाटत नाही का?’ अडतीस वर्षांच्या संसारात ही हकीकत मी तिला सांगितलेली नव्हती. कालव्याकाठी बसून सांगितली. नात ऐकत होती हे माझ्या लक्षात आले नाही. ती एकदम म्हणाली, ‘मग त्याला बोटीवर का नाही सोडलेत?’

ही बोट मला ठाऊक नव्हती. जवळच्याच सिंगेल कालव्यावर घरे-हरवलेल्या मांजरांचा तरंगता आश्रम आहे. १९६६ साली हेन्रिएट व्हॅन वेल्डे नावाच्या बाईंनी घरात भटकी मांजरे सांभाळायला सुरुवात केली. घर पुरेना, तेव्हा १९६८ मध्ये त्यांनी एक जुनी बोट घेतली. आजही तेथे मांजरे राहतात, त्यांना नवी घरे शोधून दिली जातात. पाहायला तिकीट नाही, दानपेटी आहे. म्हणजे आपला पांजरापोळच! १८३२ साली मुंबईत सरकारने भटकी कुत्री मारायला काढली तेव्हा पारशी बांधव खवळून उठले, दंगा झाला; त्यानंतर दोन वर्षांनी जमशेटजी जीजीभॉय आणि त्यांच्यासोबत आपले जैन व्यापारी यांनी मुंबईचा पांजरापोळ उभारला, हे वाचकांना माहीत असेल. आपण गाई-गुरांच्या चाऱ्याला सढळ हाताने देतो. मांजर मांसाहारी, तिच्यासाठी देताना आपला हात अडखळतो. तेथील बाई मात्र डब्यातले मासे मांजरांपुढे निर्विकारपणे ठेवीत होत्या. मला ते पाहवले नाही, आणि पेटीत पैसे टाकल्यावाचून पुढेही जाववले नाही. त्या दिवशी गुणाकार केला नाही एवढे खरे.

घरी, संभाजीनगरला परतल्यावर, बापूजींच्या वह्यांची पेटी काढली. दुकान कधीच गेले. तेथे आता मोबाईलच्या सुट्या वस्तू मिळतात. वह्या मात्र मी टाकलेल्या नाहीत. संवत २०४० ची वही सापडली. मुनीमचे दूध जीवदया खात्यात असेल असे मी धरून चाललो होतो. ते तेथे नव्हते. ते पगार खात्यात होते, हमालांच्या खाली: ‘मुनीम, दूध’, आणि पुढे रक्कम.

तपासणीच्या जुन्या सवयीने तारखा पाहिल्या. बारदानाच्या दिवसानंतर नोंद थांबायला हवी होती. ती थांबलेली नाही. दर आठवड्याला तीच रक्कम, तेच अक्षर, थेट दिवाळीच्या लक्ष्मीपूजनापर्यंत. पाडव्याला उघडलेल्या नव्या वहीत मुनीमचे नाव नाही.

वही मी सौ.ला दाखवली. तिने चष्मा पुसून दोन्ही पाने पाहिली आणि म्हणाली, ‘दोन महिने ते दूध कोण पीत होते हो?’

मोंढ्यातला त्या वेळचा एक हमाल अजून आहे, ऐंशीच्या पुढचा. त्याला विचारायला मी पुढच्या रविवारी जाणार आहे.