खाणींच्या मुलखातला फुटबॉल (भाग ३) : बिशप ऑकलंड ते शिल्डन

शुक्रवार, बिशप ऑकलंड

डार्लिंग्टनहून निघालेली दोन डब्यांची गाडी शिल्डनला थांबून बिशप ऑकलंडला येते आणि तिथेच संपते. क्रूक, टो लॉ, वेस्ट ऑकलंड या पुढच्या गावांना बसनेच जायचं. इंग्लंडमधल्या डरहॅम कौंटीच्या या टापूत मी फुटबॉलसाठी आलो आहे, आणि तोही न्यूकॅसल युनायटेडचा नव्हे, नॉर्दर्न लीगचा.

ही लीग १८८९ सालची. फुटबॉल लीग हिच्या एकच वर्ष आधी सुरू झाली. म्हणजे आजही चालू असलेल्या लीगांमध्ये जगात वयाने हिचा दुसरा क्रमांक लागतो. इंग्लिश फुटबॉलच्या उतरंडीत हिचे दोन विभाग नवव्या आणि दहाव्या पायरीवर आहेत. इथले बहुतेक खेळाडू दिवसभर आपापली नोकरी करतात आणि संध्याकाळी सरावाला येतात.

बिशप ऑकलंडची जर्सी फिकी निळी आणि गडद निळी. इथल्या बिशपच्या वाड्यात धर्मशास्त्र शिकायला आलेल्या ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी हा खेळ रुजवला, त्यांच्या विद्यापीठांचे हे रंग. एफए अमॅच्युअर कप या क्लबने दहा वेळा जिंकला, त्यात १९५५ ते १९५७ सलग. इतक्या वेळा तो दुसऱ्या कोणीही जिंकला नाही. १९५८ च्या म्युनिक विमान अपघातानंतर मँचेस्टर युनायटेडला माणसं कमी पडली, तेव्हा बिशप ऑकलंडने डेरेक लेविन, बॉब हार्डिस्टी आणि वॉरन ब्रॅडली हे तीन खेळाडू त्यांच्या मदतीला पाठवले. ब्रॅडली पेशाने शिक्षक; पुढच्याच वर्षी तो इंग्लंडकडून खेळला.

शनिवार, टो लॉ

बस चढणीला लागली आणि धुकं सुरू झालं. टो लॉ समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटरवर, उघड्या माळावर वसलं आहे. मैदानाचं नाव आयर्नवर्क्स रोड. चार्ल्स ॲटवुडने १८४० च्या दशकात इथे लोखंडाचा कारखाना काढला आणि त्याच्याभोवती गाव उभं राहिलं. कारखाना गेला, खाणी गेल्या, मैदान मात्र आहे.

फाटकाशी एका बाईंनी पैसे घेतले, तिकीट दिलं आणि वर सोडतीची चिठ्ठी घ्यायला लावली. चहाच्या टपरीवर वाटाण्यांसोबत सारण भरलेला गरम 'पाय' आणि कागदी पेल्यात वाफाळतं बोव्ह्रिल, म्हणजे गोमांसाच्या अर्काचं पेय. पांढऱ्या दाढीचे एक आजोबा मला हाताला धरून स्टँडच्या कोपऱ्यात घेऊन गेले. "इथे उभे राहा. पूर्वार्धात वारा तिकडून येतो, उत्तरार्धातही तिकडूनच येतो. बाजू फक्त संघ बदलतात."

ते खरंच होतं. पाहुण्या संघाच्या गोलकीपरने मारलेली उंच किक मध्यरेषेपर्यंत पोचलीच नाही. हवेत थबकली आणि मागे फिरून त्याच्याच बचावपटूच्या डोक्यावर आली. यजमानांना हे पाठ आहे. चेंडू ते जमिनीवरूनच सरकवत होते, छोटे छोटे पास, आणि वारा पाठीशी आला की मगच लांबून फटके. या वाऱ्यात ख्रिस वॉडल घडला. मसाल्यांच्या कारखान्यात काम करता करता तो टो लॉकडून खेळत होता; १९८० साली न्यूकॅसलने त्याला १,००० पौंडांत घेतलं. तिथून तो मार्सेलपर्यंत आणि १९९० च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यापर्यंत गेला.

मध्यंतरात आजोबांना विचारलं, दर शनिवारी येता? "बाहेरगावच्या सामन्यांनाही जातो. सगळे इथले इथेच तर आहेत. रात्री जेवायला घरी." हे वाक्य मी वहीत तसंच उतरवून घेतलं. या लीगचं सगळं बळ त्यात आहे असं मला वाटतं.

रविवार, क्रूक आणि वेस्ट ऑकलंड

क्रूक बिशप ऑकलंडपासून जेमतेम आठ-नऊ किलोमीटर. १९५४ च्या अमॅच्युअर कपच्या अंतिम सामन्यात ही दोन शेजारी गावं वेम्बलीवर भिडली आणि एक लाख लोक ते बघायला आले. २-२ बरोबरी. न्यूकॅसलला पुन्हा सामना, पुन्हा २-२. अखेर मिडल्सब्रोला क्रूक १-० ने जिंकलं. त्या सामन्यासाठी लंडनला गेलेल्या गाड्यांची गोष्ट इथे अजून निघते.

मिलफिल्ड मैदान आज बंद होतं, कुंपणाबाहेरून पाहिलं. याच क्रूकचा जॅक ग्रीनवेल हा खाणकामगार १९१२ मध्ये बार्सिलोनाला खेळायला गेला, पुढे तिथला प्रशिक्षक झाला, आणि १९३९ मध्ये पेरूला त्याने दक्षिण अमेरिकेचं अजिंक्यपद मिळवून दिलं. आणि क्रूक टाउन स्वतः १९७६ साली भारताच्या दौऱ्यावर येऊन गेला होता! आपल्याकडे हे किती जणांच्या लक्षात असेल?

दुपारी वेस्ट ऑकलंड. गावाच्या मधोमध लांबलचक हिरवळ आणि तिच्यावर १९०९ च्या संघाचं स्मारक. चहावाल्या सर थॉमस लिप्टन यांनी तुरिनला भरवलेल्या स्पर्धेत या खाणकामगारांच्या संघाने इंग्लंडतर्फे भाग घेतला आणि चषक जिंकला. ग्रीनवेल तेव्हा पाहुणा म्हणून त्यांच्यातच होता. १९११ मध्ये ते पुन्हा गेले आणि अंतिम सामन्यात युव्हेंटसला ६-१ ने हरवून आले. प्रवासाच्या खर्चाने क्लब कर्जात बुडाला. चषक गावातल्या हॉटेलच्या मालकिणीकडे ४० पौंडांना गहाण पडला, तो १९६० मध्ये १०० पौंड देऊन सोडवला. १९९४ मध्ये तो चोरीला गेला तो गेलाच. आता आहे ती प्रतिकृती. मूळ चषक कधीतरी सापडावा असं मनापासून वाटतं.

सोमवार, विटन पार्क

सामना नाही. पायी फिरलो. १९५१ मध्ये डरहॅम कौंटीने आराखडा केला आणि शंभराहून अधिक खाणगावांवर 'ड' वर्गाचा शिक्का मारला: तिथे नवी घरं नाहीत, नवा पैसा नाही, गाव आपोआप ओस पडू द्यायचं. विटन पार्क त्यातलंच एक. १९९३ मध्ये वेअरमथची खाण बंद झाली आणि या कोळसापट्ट्यातली शेवटची खोल खाणही संपली. आराखडा करणाऱ्यांनी गावाची किंमत फक्त कोळशात मोजली, याचा आजही राग येतो.

मंगळवार, शिल्डन

रात्रीचा सामना, दिव्यांच्या उजेडात. शिल्डन रेल्वेचं गाव. २७ सप्टेंबर १८२५ ला स्टीफनसनचं लोकोमोशन इथून डबे ओढत निघालं. वाघिणींचा कारखाना १९८४ मध्ये बंद झाला, पण क्लबला लोक अजून 'रेल्वेमेन'च म्हणतात.

क्लबच्या बारमध्ये वर्षानुवर्षं काम केलेल्या एका कार्यकर्त्याशी गप्पा झाल्या. देशभरातल्या लीगांची उतरंड रचली जात होती तेव्हा नॉर्दर्न लीगने तिच्यात जायचं नाकारलं. आत यायला १९९१ उजाडलं. त्यानंतरही बरेच विजेते वरच्या पायरीवर जायला तयार नसत. बाहेरून पाहणाऱ्याला हा भित्रेपणा वाटतो. त्याने हिशेब मांडला: वर गेलं की यॉर्कशायर, लिंकनशायरपर्यंतचे सामने, मंगळवारी रात्रीसुद्धा. बसचं भाडं, खेळाडूंची अर्ध्या दिवसाची रजा, आणि शेजारच्या गावाशी सामना नाही म्हणून फाटकावरची घटलेली गर्दी. दमदार संघ खालीच राहिल्याचा परिणाम खालच्या पायऱ्यांवरच्या क्लबांच्या एफए व्हास या स्पर्धेत दिसला. २००९ ते २०१७ या नऊ वर्षांत तो चषक आठ वेळा याच लीगच्या संघांनी नेला. व्हिटली बेने तर सलग तीनदा.

नियम कडक होत गेले तसं खाली राहणं अवघड झालं, आणि काही क्लब स्वतःच्या हिमतीनेही वर गेले. साउथ शील्ड्सने २०१७ मध्ये व्हास जिंकला आणि सहा वर्षांत सहावी पायरी गाठली. मला त्यांचं कौतुक आहे. पण गावाच्या ऐपतीएवढीच लीग असावी, या त्या कार्यकर्त्याच्या म्हणण्याशी मी पूर्ण सहमत आहे. शिल्डनने उत्तरार्धात गोल केला तेव्हा तो बोलणं अर्धवट टाकून बाहेर धावला.

उद्या किनाऱ्याकडे, ब्लाइथला. नॉर्दर्न लीगमध्ये असताना १९७८ च्या एफए कपमध्ये ब्लाइथ स्पार्टन्सने पाचवी फेरी गाठली होती आणि रेक्सहॅमविरुद्धचा फेरसामना पाहायला सेंट जेम्स पार्कवर ४२,००० लोक आले होते. पुढे या क्लबने लीग सोडली. त्याबद्दल पुढच्या भागात.