अर्थ मिळत नाही

गाडी मॉरिस मायनर, १९५१ ची. मालकाच्या बापानं घेतलेली. नवा रंग मारून झाला होता, आरशावाणी. वायरिंग तेवढं राहिलं होतं, म्हणून मला बोलावणं. २०१६ ची गोष्ट.

"पूर्ण नाव काय?" पहिल्याच दिवशी. सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून माझा चहा तडकलेल्या ग्लासात, तोही गॅरेजच्या कोनाड्यात. दोस्तहो, आपल्याला हे काय नवं नाही. सालं तेवढी बदलतात.

काम मात्र झकास होतं. जुन्या वायरींवर सुताचं विणकाम, उंदरांनी कुरतडलेलं. आतलं रबर बोटात खारीसारखं चुरायचं. विलायती कारखान्यानं रंग ठरवून दिलेले: तपकिरी बॅटरीची, पांढरी इग्निशनची, हिरवी फ्यूजपुढची, काळी अर्थची. मधल्या काळात ज्यानं ज्यानं हात घातला त्यानं मिळेल ती लाल वायर ठोकून दिलेली. शिवाय या गाडीत बॅटरीचा प्लस बॉडीला, आजच्या गाड्यांच्या उलटं. आठ दिवस पाठ फरशीला लावून एकेक वायर ओढली.

वीज मी शाळेत नाही शिकलो. वस्तीतल्या १४ एप्रिलच्या तोरणांवर शिकलो. बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते तेव्हा विजेचं धोरणही त्यांच्याच खात्यात होतं, हे फार नंतर वाचलं.

शेवटच्या दिवशी पाहुणे, नारळ, भटजी. "तू जरा लांब उभा राहा." राहिलो. मालकानं बटन ओढलं. डावा दिवा लखलखला, उजवा काजव्यागत. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

टेस्टिंग बल्ब लावला. करंट येत होता, परत जायला वाट नव्हती. गाडीत दिव्याची परतीची वाट म्हणजे बॉडीचा पत्रा. काळ्या वायरीच्या बोल्टाखाली मी पत्रा घासून उघडा केला होता. दिसायला वंगाळ दिसतो म्हणून कुणीतरी आदल्या रात्री बोल्ट काढून तिथं रंग फासला होता.

"रंग खरवडावा लागंल."

"रंगाला हात लावायचा नाही!"

"मग अंधारात चालवा."

गप्प झाला. पॉलिश पेपर घेतला, रुपयाएवढा पत्रा उघडा केला, बोल्ट आवळला. उजवा दिवा भपकन लागला.

मजुरी त्यानं कठड्यावर ठेवली. "हातात द्या," मी म्हणालो. त्यानं नोटा उचलल्या आणि वरून सोडल्या. एक खाली पडली. मी वाकलो नाही. उभाच. पाहुणे बघत होते. शेवटी तोच वाकला.