उष्णता

घोळणा फुटणं आमच्या घरात कुणी आजारात धरलं नाही. आजीचा फुटायचा, बाबांचा फुटायचा, ताईचा आणि माझा अजून फुटतो. किहीमच्या वाडीत कुणाच्या नाकातून रक्त आलं की पांढरा कांदा फोडून नाकाशी धरायचा, टाळूवर गार पाणी, डोकं मागे. निदान एकच, उष्णता. घरातला शिकलेला मी, आणि ते निदान सगळ्यांत ठासून सांगायचो तो मीच.

एका श्रावणी सोमवारी ताई कनकेश्वराच्या पायथ्याशीच बसून राहिली. पायऱ्या चढवेनात. मी म्हटलं, रक्त कमी आहे, बीट खा. पावलं सुजली तेव्हा वय काढलं. पुढे मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी ईकोत फुप्फुसांतला रक्तदाब वाढलेला पाहिला आणि घरातल्या सगळ्यांच्या नाकांची चौकशी सुरू केली, तेव्हा तर माझं डोकंच फिरलं. धाप लागतेय ताईला, आणि बाई विचारतात आजीच्या नाकाचं!

मग त्यांनी ताईच्या ओठांवर टॉर्च धरला. टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके. दाबले की फिके, सोडले की पुन्हा लाल. बाबांनाही होते. आम्ही त्यांना तीळ म्हणायचो. १९३० साली सलीम अली याच गावात सुगरणींच्या घरट्यांवर दिवसचे दिवस नजर ठेवून होते, हे मी पाहुण्यांना ऐटीत सांगतो. बापाच्या ओठांकडे मात्र कधी नीट पाहिलं नव्हतं.

हेरेडिटरी हेमोरेजिक टेलँजिएक्टेशिया, थोडक्यात एचएचटी. साधारण ५,००० माणसांत एकाला. आईबापांपैकी एकाला असला की प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. धमनी आणि शीर यांच्यामधलं बारीक केशवाहिन्यांचं जाळं काही ठिकाणी नसतंच, रक्त थेट पलीकडे जातं. मला ते वाडीवरून कळलं. पाटाचं पाणी आळ्याआळ्यांत मुरत जायला हवं; पाट मध्येच फुटला तर सगळं भसकन खालच्या चरात. ताईच्या यकृतात असे पाट फुटले होते. रक्ताचा लोंढा हृदयाकडे परतायचा, हृदय जवळजवळ दुप्पट रक्त फेकायचं, आणि मागे फुप्फुसांत दाब तुंबायचा.

म्हणजे फुप्फुसांतल्या नळ्या अरुंद झाल्याच नव्हत्या. आणि मी नळ्या रुंद करणाऱ्या गोळ्यांचं कुठूनतरी वाचून बाईंशी हुज्जत घातली होती! एचएचटीत काहींच्या नळ्या खरोखर अरुंद होतात, त्या गोळ्या त्यांच्यासाठी. कोणता प्रकार आहे, हे हृदयात कॅथेटर घालून दाब मोजल्याशिवाय पक्कं कळत नाही. ताईला मीठ कमी, लघवी होण्याची गोळी आणि शिरेतून लोह, एवढ्यावर बराच उतार पडला. रक्त कमी होतं हे माझं बरोबर निघालं; फक्त ते बिटानं भरून येणारं नव्हतं, आणि कमी रक्तामुळे हृदयाला आणखीच पळावं लागत होतं.

माझी तपासणी मी वर्षभर टाळली. कामं होती, असं सांगायचो. खरं म्हणजे घाबरलो होतो.

शेवटी गेलो. सलाईन ढवळून बुडबुडे केलेलं पाणी दंडातल्या शिरेत सोडलं. पडद्यावर हृदयाची उजवी बाजू पांढऱ्या धुरानं भरली. ते बुडबुडे फुप्फुसांत गाळले जाऊन तिथेच विरायला हवेत. बाई ठोके मोजत होत्या. चौथ्या ठोक्यानंतर डावीकडेही पांढरे कण दिसले. माझे पाट फुप्फुसांत फुटले आहेत. दात काढण्याआधी आता मला अँटिबायोटिक घ्यायचं आहे, नाहीतर गाळणीतून सुटलेला जंतू मेंदूपर्यंत जाऊ शकतो. आणि घोळणा फुटला की डोकं मागे नाही, पुढे. नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटं दाबून धरायचा.

रात्री पुण्याला मुलीला फोन लावला. तुझीही तपासणी करायला हवी म्हटलं. ती जरा वेळ गप्प राहिली.

"बाबा, माझाही फुटतो. कॉलेजात असल्यापासून. तुम्ही उष्णता म्हणाला असता, म्हणून नाही सांगितलं."